पॅनलवाल्या विमलताई

विमलताई खैरनार जनरेटरला कधी जनरेटर म्हणाल्या नाहीत. त्यांच्यासाठी ते 'इंजिन' होतं. छपरावरच्या सोलरला त्या 'प्लेटा' म्हणत, कारण पॅनल हा शब्द त्यांनी आधीच दुसऱ्या गोष्टीसाठी राखून ठेवला होता. पॅनल म्हणजे भिंतीला टेकून उभं राहणारं, आत स्विच, कॉन्टॅक्टर आणि वायरींचे गठ्ठे असलेलं राखाडी लोखंडी कपाट. अंबडच्या आपल्या गाळ्यात त्या अशी कपाटं वर्षानुवर्षं बनवत होत्या. नाशिकमध्ये सोलरचं काम करणारे आम्ही सगळे त्यांना 'पॅनलवाल्या विमलताई' म्हणूनच ओळखायचो.

ठेंगणा, भरीव बांधा. साडीवर पुरुषी लांब बाह्यांचा सुती शर्ट, जसा द्राक्षबागेत काम करणाऱ्या बायका घालतात. पायात रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट. कुठलंही पॅनल उघडण्याआधी त्या बांगड्या आणि मंगळसूत्र काढून स्टीलच्या डब्यात ठेवायच्या, झाकण घट्ट लावायच्या आणि डबा दाराबाहेर ठेवायच्या. काम पूर्ण होऊन वीज चालू झाल्याशिवाय चहा घ्यायच्या नाहीत. कोणी आग्रह केला तर म्हणायच्या, "अजून कमावला नाय."

माझी त्यांची पहिली भेट निफाडला झाली, आणि त्या भेटीत माझी चांगलीच जिरली. मी तेव्हा कॉलेज रोडवरच्या एका सोलर कंपनीत डिझाइनचं काम बघत होते. पदवी, दहा वर्षांचा अनुभव आणि आपण काढलेला आराखडा चुकत नाही ही खात्री, तिन्ही गोष्टी माझ्याकडे होत्या. निफाडजवळ नानासाहेबांचं द्राक्षांचं पॅकहाउस होतं. तोडून आणलेली द्राक्षं थंड करायच्या दोन मोठ्या खोल्या, दोन कॉम्प्रेसर. आम्ही छपरावर सोलर बसवलं, खाली बॅटऱ्या ठेवल्या आणि हे सगळं विजेच्या लाइनला जोडलं. दिवसा उन्हाची वीज वापरायची, उरेल ती बॅटरीत भरायची, त्याहूनही उरली तर लाइनला परत द्यायची. लाइन गेली की आमचा इन्व्हर्टर तिच्यापासून स्वतःला तोडून घेतो आणि बॅटरीवर पॅकहाउस चालवतो. आणि बॅटरीही उतरली तर नानासाहेबांचा जुना डिझेल जनरेटर होताच. तो मी इन्व्हर्टरला जोडून दिला होता. कागदावर सगळं सुंदर दिसत होतं.

ऐन हंगामात लाइन कित्येक तास सलग गेली, बॅटरी उतरली, जनरेटर सुरू झाला, आणि इन्व्हर्टरने त्याला घ्यायचं नाकारलं. म्हणजे घ्यायचा आणि सोडायचा. टक् करून जोडायचा, पाच-दहा सेकंदांनी टक् करून तोडायचा. दोन दिवस आमच्या माणसांनी कार्डं बदलली, सॉफ्टवेअर बदललं. खोल्यांचं तापमान चढत होतं. नानासाहेब माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मॅडम, तुमच्या मशिनला माझा जनरेटर पसंत नाय का? पोरगी पाहायला आलेल्या नवरदेवासारखं नाक मुरडतंय. आत माल हे माझा."

शेवटी त्यांनीच कोणाला तरी फोन लावला. तासाभरात एक बाई स्कूटीवरून आल्या. त्यांच्या पिशवीतून पहिली वस्तू निघाली ती म्हणजे होल्डरला लावलेला, जुन्या पद्धतीचा, तारेचा पिवळा बल्ब. मी माझा आयात केलेला मीटर पुढे केला, त्यांनी तो नम्रपणे बाजूला ठेवला. बल्ब जनरेटरला जोडला, एक उलटी बादली घेतली आणि तिच्यावर बसून बल्बाकडे बघत राहिल्या.

"कॉम्प्रेसर चालू करा," त्या म्हणाल्या.

कॉम्प्रेसर सुरू झाला. बल्ब मंदावला, मग एकदम भडकला, पुन्हा मंदावला.

"दिसलं का मॅडम? ह्याला दम लागलाय. तुमच्या मशिनला सेकंदाला पन्नासचा ठेका पाहिजे. हे इंजिन ओझं आलं की सत्तेचाळीसला बसतंय, मग धडपडत बावन्नला उठतंय. तुमचं मशिन शहाणं हे. अशा माणसाचा हात कोण धरणार?"

त्यांनी आधी इंजिन दुरुस्त केलं. डिझेलचा चोंदलेला फिल्टर बदलला, इंजिनाचा वेग राखणारी एक सैल झालेली कडी कसली. मग मला शेजारी बोलावलं.

"आता तुमचं काम. इंजिन आलं रे आलं की तुमची बॅटरी भुकेल्यासारखी ताटावर बसते. त्याच मिनिटाला दोन्ही कॉम्प्रेसर उठतात. तिला सांगा, आधी खोल्या जेवतील, मग तू. आणि हळूहळू खायचं."

मी बॅटरीचा चार्जिंगचा करंट निम्म्याहून खाली आणला. दोन कॉम्प्रेसरमध्ये एका मिनिटाचं अंतर ठेवलं. जनरेटरची वीज तपासताना इन्व्हर्टर जितका काटेकोर होता तितका राहू नये, अशी थोडी ढील दिली. पुन्हा सुरू केलं. टक् असा एकच आवाज आला. पाच सेकंद, दहा सेकंद, एक मिनिट. दुसरा टक् आलाच नाही.

नानासाहेबांना आता उत्साह आला. भर दुपार होती. ते म्हणाले, "मग प्लेटाही चालू ठेवा ना इंजिनाबरोबर. डिझेल वाचंल."

मी लगेच म्हणाले, "हो, करता येईल."

विमलताईंनी बल्ब गुंडाळता गुंडाळता विचारलं, "मजूर जेवायला गेले, खोल्या थंड झाल्या, कॉम्प्रेसर थांबले. प्लेटांची वीज कुठं जाईल?"

"बॅटरीत."

"बॅटरी भरली."

"मग लाइनला."

"लाइन नाय. म्हणून तर इंजिन चालू हे."

उत्तर मला येत होतं, पण ते मी स्वतःहून आराखड्यात लिहिलं नव्हतं. उरलेली वीज इंजिनात शिरली असती, आणि इंजिन वीज देण्यासाठी केलेलं असतं, घेण्यासाठी नाही. ते उलट ढकललं गेलं असतं, कदाचित मोडलं असतं. विमलताईंनी मला चारचौघांत तोंडावर पाडलं नाही. नानासाहेबांना म्हणाल्या, "मॅडम करून देतील, पण मधे एक पहारेकरी बसवावा लागंल. इंजिनावरचं ओझं ठराविक रेघेच्या खाली आलं की तो प्लेटांना थांबवील." मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "वीज येते कुठून हे कोणीबी सांगतं. जाणार कुठं, ते आधी बघत जा."

तेव्हापासून आमच्या कंपनीत जिथे जनरेटर असेल तिथलं पॅनल विमलताईंचंच, असा नियम मी करून घेतला. मॅडमची 'अनघा' व्हायला फार दिवस लागले नाहीत.

त्यांच्या गाळ्यावर मी वारंवार जायचे. त्यांचं माहेर नामपूरचं, वडिलांचं छोटं सायकल दुरुस्तीचं दुकान. आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. मास्तरांनी पहिल्या दिवशी शिवणकामाचा वर्ग समोरच्या इमारतीत आहे असं सांगितलं होतं, ते त्या हसत हसत सांगायच्या. त्यांच्या पॅनलमधली वायरिंग बघायला कधी कधी दुसऱ्या गाळ्यांतले लोक यायचे. प्रत्येक वायर काटकोनात वळलेली, प्रत्येकीच्या टोकाला नंबर. पण त्यांची खरी खूण दाराच्या आतल्या बाजूला असायची. तिथे त्या काळ्या मार्करने, ठसठशीत अक्षरात लिहायच्या: आधी काय होतं, मग काय होतं, आणि काही बिघडलं तर काय करायचं नाही. 'काय करायचं' हे त्या लिहीत नसत. "करायचं ते माणूस कसंबी शोधतो," त्या म्हणायच्या. "नाय करायचं ते सांगावं लागतं."

एका गोष्टीबाबत त्या कोणाचंच ऐकत नसत. लाइन आणि इंजिन यांच्यामध्ये असा अडसर हवा की दोन्ही एकाच वेळी जोडले जाणं शक्यच होऊ नये. एक आत गेला की दुसऱ्याची वाट लोखंडानेच बंद. नाहीतर इंजिनाची वीज उलटी रस्त्यावरच्या बंद तारांत शिरते. गंगापूर रोडवरच्या एका बंगलेवाल्यांना घाई होती. ते म्हणाले, दोन साधे स्विच लावा, आम्ही शिकलेली माणसं आहोत, लक्ष ठेवू. विमलताईंनी तयार पॅनल टेम्पोत परत चढवलं. ते गृहस्थ फाटकापर्यंत मागे आले.

"अहो बाई, एवढं काय त्यात? माझ्या घरात मीच राहतो ना?"

"घरात तुम्ही राहता," विमलताई म्हणाल्या, "खांबावर दुसरं कोणी राहतं."

आठवड्याने त्यांनीच फोन करून पॅनल मागवलं, अडसरासकट.

दुसरी गोष्ट म्हणजे काशिनाथ आप्पा. विमलताईंचं कुठलंही पॅनल पहिल्यांदा चालू होताना आप्पा तिथे हजर असायचेच. सत्तरीकडे झुकलेले, उंच, पांढरी टोपी, पांढरा सदरा. सदऱ्याची उजवी बाही कोपराच्या खाली मोकळी, नीट दुमडून पिनेने वर लावलेली. ते वीज कंपनीतून वायरमन म्हणून लागून कारकून म्हणून निवृत्त झाले होते, एवढंच मला माहीत होतं. मूळ गाव नामपूरकडचं, आता पंचवटीत मुलाकडे. काम एकच करायचे. लाइन आधी रीतसर बंद करून घ्यायची, मग विमलताई इंजिन सुरू करणार, आणि आप्पा बाहेर रस्त्यावरच्या खांबापाशी उभे राहून लांब पीव्हीसी पाइपच्या टोकाला बांधलेला टेस्टर डाव्या हाताने तारेजवळ नेणार. तारेत वीज असली तर टेस्टर ओरडतो. तो ओरडला नाही की आप्पा हाक देणार, "मरेल शे!" म्हणजे लाइन मेलेली आहे, इंजिनाची वीज बाहेर जात नाही. मग विमलताई डबा उघडून बांगड्या घालणार आणि चहा मागणार. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसत. मी त्यांना नातेवाईक समजत होते.

हरसूलच्या पुढे डोंगरात एका संस्थेचा छोटा दवाखाना होता. बाळंतपणं, नवजात बाळांना ऊब देणारी यंत्रं, ऑक्सिजन देणारी यंत्रं. वीज तिथे पाहुण्यासारखी यायची. डॉक्टर भोये म्हणून तिथल्याच एक बाई तो चालवायच्या. त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "मला किती युनिट, किती किलोवॅट ते कळत नाही. मला बाळाच्या डोक्यावरचा दिवा विझायला नकोय." सोलर आमचं, बॅटरी आमची, इंजिन त्यांचं जुनंच, पॅनल विमलताईंचं. बॅटरी ठराविक पातळीच्या खाली गेली की इंजिन आपोआप सुरू होणार, बॅटरी भरली की आपोआप थांबणार. कोणी धावत जाऊन किल्ली फिरवायची गरज नाही.

उद्घाटन हिवाळ्यातल्या एका सकाळी ठरलं. मंडप, नारळ, संस्थेचे अध्यक्ष, आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसं. गावातल्या वायरमनने परवानगी घेऊन डीपीवरचे फ्यूज काढून ठेवले होते, म्हणजे दवाखान्यापर्यंतची लाइन अर्धा तास पूर्ण बंद. सगळं तयार, आणि आप्पांची एसटी घाटात अडकलेली.

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी विमलताईंकडे.

"नाय," त्या म्हणाल्या.

"ताई, पुढे आणखी दोन कार्यक्रम आहेत माझे," अध्यक्ष म्हणाले. "बटण दाबायला एक म्हातारा कशाला लागतो? तुमच्या पॅनलवर तुमचा भरोसा नाही का?"

"पॅनलवर हे. जागेवर नाय. जागा मी बांधलेली नाय."

मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, ताई, सगळं आपण दोनदा तपासलंय, आराखडा माझा आहे, करून टाकू. त्यांनी पॅनलचं दार लावून घेतलं. मी परत येऊन खुर्चीवर बसले.

पाऊण तासाने आप्पा आले. वायरमनला अर्ध्या तासाची परवानगी वाढवून घ्यावी लागली, अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आप्पांनी कोणालाच नमस्कार केला नाही. पाइप जोडला, रस्ता ओलांडला, खांबाखाली उभे राहिले आणि मान हलवली. विमलताईंनी इंजिन सुरू केलं. धडधड स्थिर झाली. पॅनलमध्ये अडसर जागेवर बसल्याचा आवाज आला. दवाखान्यातले दिवे लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि त्या टाळ्यांच्या वरून आप्पा ओरडले, "जित्ती शे! विमल, बंद कर वं! जित्ती शे!"

टेस्टर ओरडत होता. बंद केलेल्या लाइनमध्ये वीज होती.

विमलताईंनी लाल बटणावर तळवा आपटला. इंजिन थांबलं. त्यांचा चेहरा इतका पांढरा पडलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. त्यांनी पॅनल उघडलं, अडसर तपासला, प्रत्येक टोक हाताने ओढून पाहिलं. पॅनल बरोबर होतं. मी माझा आराखडा तपासला. तोही बरोबर होता.

"डॉक्टर," त्यांनी विचारलं, "इंजिनातून अजून कुठं वायर जाते?"

"कुठेच नाही. सगळी तुमच्या पॅनलमध्येच आणली."

विमलताई इंजिनाच्या खोलीत गेल्या, भिंतीला हात लावत लावत चालू लागल्या. मागच्या खिडकीशी थांबल्या. खिडकीच्या कोपऱ्यातून एक राखाडी केबल बाहेर पडत होती. घोसाळ्याच्या वेलाखालून ती कुंपणापर्यंत आणि तिथून कर्मचाऱ्यांच्या खोल्यांमध्ये. कोणे एके काळी कोणीतरी, लाइट गेल्यावर खोल्यांतले पंखे चालावेत म्हणून, थेट इंजिनाच्या डोक्यावरच्या जोडणीतूनच ती ओढली होती. खोल्यांना विजेचा वेगळा मीटर होता. इंजिन सुरू झालं की खोलीतला मेन स्विच हाताने खाली करायचा, अशी पद्धत. त्या दिवशी सगळे मंडपात होते. मेन स्विच वरच होता. इंजिनाची वीज खोल्यांमधून, मीटरमधून, उलट्या वाटेने रस्त्यावरच्या तारेत गेली होती. ती केबल तशीच राहिली असती, तर पुढच्या वादळात लाइन बंद समजून जो वायरमन त्या खांबावर चढला असता, तो उतरला नसता.

विमलताईंनी पक्कड मागितली नाही, स्वतःच्याच पिशवीतून काढली. केबल इंजिनापासून सोडवली, तिचा दोन हात लांब तुकडा कापला आणि तो अध्यक्षांच्या खुर्चीसमोरच्या टेबलावर, नारळाशेजारी ठेवला. अध्यक्ष उठून उभे राहिले. "खोल्यांचंही पॅनलमधूनच करा," ते म्हणाले. "वेळ लागू द्या."

दुपारपर्यंत ते झालं. पुन्हा इंजिन, पुन्हा आप्पा खांबाखाली. बराच वेळ त्यांनी पाइप धरून ठेवला, दोनदा जागा बदलली.

"मरेल शे," ते म्हणाले. "आते ठेव चालू."

त्या दिवशी चहा मी केला. आप्पा मंडपातल्या गादीवर डोळे मिटून पडले होते. विमलताई आणि मी मागच्या पायरीवर बसलो, आणि मी विचारलं. ताई, आप्पा तुमचे कोण?

"कोणी नाय," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "त्याचा हात माझ्यामुळं गेला."

त्यांनी सांगितलं ते असं. तीस वर्षांच्या असताना त्या एका पॅनलवाल्याकडे नोकरीला होत्या. नामपूरला एका कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर इंजिन जोडायचं होतं. अडसराचा स्विच वेळेवर आला नाही, व्यापारी घाई करत होता, मालक म्हणाला आज करून ये. त्यांनी दोन साधे स्विच लावले आणि वर कागद चिकटवला: एक खाली केल्याशिवाय दुसरा वर करू नये. कागद चांगल्या अक्षरात लिहिला होता, असंही त्या म्हणाल्या. पुढच्या पावसाळ्यात तार तुटली, काशिनाथ वायरमन लाइन बंद करून खांबावर चढला, आणि खळ्यावरच्या हमालाने अंधार झाला म्हणून इंजिन सुरू केलं. दोन्ही स्विच वर होते.

"चौकशी झाली. सगळे म्हणाले वायरमनचीच चूक, त्यानं लाइन नीट बंद केली नसंल. खळ्याचं नावबी कोणी घेतलं नाय. मी पेपरात वाचलं आणि मला गावाच्या नावावरून कळलं."

"मग?"

"मग मी लेखी दिलं. हे काम मी केलं, असं केलं, अडसर लावला नाय. मालकानं त्याच दिवशी काढून टाकलं. लायसन गेलं दोन वर्षं. पण त्याच्यावरचा ठपका निघाला, त्याला बसून करायचं काम मिळालं." त्यांनी कप खाली ठेवला. "त्याच्या आधी मी सिव्हिलला गेले होते. त्याच्या खाटेपाशी उभी राहिले आणि सांगितलं, हे मी केलं."

"आप्पा काय म्हणाले?"

"म्हणला, पाणी दे. त्याची बायको खाली औषध आणायला गेली होती. मी पाणी पाजलं. बस, एवढंच. दोन वर्षांनी माझं लायसन परत आलं, गाळा घेतला, त्या दिवशी हा दारात उभा. म्हणला, 'आता तुझं प्रत्येक काम मी पाहणार.' मी म्हटलं, पहा."

"त्यांनी माफ केलं म्हणायचं की..."

"ते मी कधी विचारलं नाय," विमलताई म्हणाल्या. "त्यानं कधी सांगितलं नाय. काम तेवढं चुकलं नाय आमच्या दोघांचं."

आप्पा पुढच्याच उन्हाळ्यात गेले. पंचवटीत अंत्यविधीला विमलताई बायकांच्या घोळक्यात न थांबता थेट पुढे जाऊन उभ्या राहिल्या, आणि आप्पांच्या मुलाने त्यांना जागा करून दिली. त्यानंतर विमलताईंनी नवं काम घेतलं नाही. घेतलेली पुरी केली, आणि त्या कामांवर पाइप स्वतः धरला. पावसाळा संपला की गाळा बंद करून नामपूरला जायचं, भावाच्या शेतात खोली बांधायची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मीही तोवर बडोद्याला दुसऱ्या नोकरीचं नक्की केलं होतं. म्हणून त्या श्रावणातला तो दिवस त्यांच्याबरोबरचा माझा शेवटचा ठरला.

डोंगरात चार दिवस न थांबता पाऊस आणि वारा. हरसूलकडचे खांब पडले, मोबाइल बंद पडले. दवाखान्याचा काही पत्ता लागेना. रस्ता उघडल्याचं कळताच मी जीपमध्ये डिझेलचे दोन ड्रम टाकले आणि विमलताईंना घ्यायला गेले. त्या भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन तयारच होत्या. घाटात माझ्या डोळ्यांसमोर फक्त बाळांच्या डोक्यावरचे दिवे होते. चार दिवस ऊन नाही म्हणजे प्लेटा नावालाच, म्हणजे सगळी मदार बॅटरीवर आणि एका म्हाताऱ्या इंजिनावर.

फाटकाशी पोचलो तर आतून धडधड ऐकू येत होती. स्थिर, एका ठेक्यात. डॉक्टर भोये व्हरांड्यात एका बाळंतिणीच्या सासूशी बोलत होत्या. आम्हाला बघून त्यांना आश्चर्यच वाटलं.

"तुम्ही एवढ्या पावसात?"

"लाइट?" मी विचारलं.

"गेलीय चार दिवस. आम्हाला खांब पडलेला दिसला तेव्हा कळलं." त्या हसल्या. "पाच बाळंतपणं झाली. डिझेल मात्र आजच्या दिवसाचंच उरलंय, त्याची काळजी होती."

मी इन्व्हर्टरवरची नोंद पाहिली. बॅटरी उतरली की इंजिन उठत होतं, भरली की झोपत होतं. दिवसातून तीनदा-चारदा. कोणी किल्लीला हात लावला नव्हता. मी विमलताईंना ते दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "दम लागत नाय ह्याला. बरं हे."

बाहेर रस्त्यावर नवा खांब उभा राहिला होता. चाळिशीतला एक मिशाळ वायरमन पट्टा बांधून वर चढायच्या बेतात होता. त्याने इंजिनाचा आवाज ऐकला आणि कुंपणावरून ओरडून विचारलं, "जनरेटर चालू हे तुमचा! तारेत रिटर्न येत नाय ना?"

"नाय येत," विमलताईंनी ओरडून सांगितलं. "तरी आधी तपासा. माझ्या सांगण्यावर चढू नका."

त्याने तपासलं. मग चढला. इंजिन इकडे धडधडत होतं आणि तो वर उघड्या तारा हातात घेऊन जोडत होता, तोंडाने कसलं तरी गाणं म्हणत. विमलताई व्हरांड्याच्या खांबाला धरून उभ्या होत्या. तो उतरेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

मला अंधाराआधी घाट उतरायचा होता. डॉक्टरांची गाडी दुसऱ्या दिवशी नाशिकला जाणार होती, विमलताई म्हणाल्या मी तिच्यातून येईन. मी जीपकडे निघाले तेव्हा त्यांनी वायरमनला आत बोलावून पायरीवर बसवलं होतं आणि त्याच्यापुढे गाठोडं सोडलं होतं. भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा. त्याला चांगलीच भूक लागली असावी. तो मांडीवरच्या फडक्यात भाकरी घेऊन दोन्ही हातांनी मोडत होता, घाईघाईने घास करत होता. त्या कोण हे त्याला माहीत नव्हतं, आणि त्या सांगणारही नव्हत्या.

"भाऊ, सावकाश," त्या म्हणत होत्या. "अजून हे."

मी जीपमधून हात केला. त्यांनी पाहिलं नाही. त्या समोर बसून त्याच्या हातांकडे बघत होत्या.